पाणी कुठे साचलंय?

आमच्या घरमालकांइतका डोक्यात जाणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. आणि मी बँकेत काउंटरवर बसते, म्हणजे विचार करा.

बोरिवली पूर्वेला त्यांच्या बिल्डिंगमध्ये आम्ही भाड्याचं घर बघायला गेलो. घर आम्ही बघायचं, तर बघत होते ते आम्हाला. साठी उलटलेले गृहस्थ, हाफ पँट, बनियन, गळ्यात दोरीला अडकवलेला टॉर्च. दलाल किचन दाखवत होता आणि यांनी मध्येच मला विचारलं, "पोट साफ होतं का रोज?"

मी म्हटलं, "काय?"

"तुझं एकटीचं नाय गो, दोघांचं विचारतंय."

सुहास, म्हणजे माझा नवरा, तेव्हा खो खो हसला होता. नंतर बरेच महिने मला ते हसणं आठवत राहिलं. दलालाने कसाबसा विषय बदलून अ‍ॅग्रीमेंटचं काढलं, तर काकांना त्यात एक अट घालायची होती. पूर्वेच्या खिडकीचे पडदे सकाळी उघडे राहिले पाहिजेत. दलाल हात जोडून म्हणाला, "काका, असं अ‍ॅग्रीमेंटमध्ये नाय टाकता येत." तर म्हणे, "मग तोंडी घे. बोल बाय, पडदे उघडशील ना?" मी हो म्हटलं. घर हवेशीर होतं, स्टेशन जवळ होतं, काय करणार!

काका नोकरीभर महापालिकेच्या कीटकनाशक खात्यात होते. काम डासांच्या अळ्या शोधायचं. टाक्या, पिंपं, कुंड्यांखालच्या बशा, गच्चीवर पडलेले टायर, सगळीकडे जायचं, पांढऱ्या ओगराळ्यात पाणी घ्यायचं, त्यावर टॉर्च मारायचा. ओगराळं पांढरं, कारण पांढऱ्यावर अळी चटकन दिसते. दिसली की पाणी ओतून द्यायचं आणि पुढच्या घराची बेल वाजवायची. काका निवृत्त झाले, पण टॉर्च आणि ओगराळं काही निवृत्त झालं नाही. आणि बेल वाजवायची सवय तर मुळीच नाही.

धूर मारणाऱ्यांचा त्यांना मनस्वी राग. "धूर लोकांच्या समाधानाला असतो," म्हणायचे. "डास ह्या खिडकीतून जातो नि त्या खिडकीतून येतो. पाणी कुठे साचलंय ते बघा. पाणी ओता, विषय संपला." इथवर मला काही म्हणायचं नाही. डासांपुरतं ते बरोबरच असेल. पण निवृत्तीनंतर त्यांनी हेच तंत्र माणसांना लावायला घेतलं. बिल्डिंगमध्ये कोणाचा चेहरा उतरलेला दिसला की त्याच्या आयुष्यात कुठेतरी पाणी साचलंय असं ते धरून चालायचे, आणि ते शोधून काढायचं काम आपल्यालाच दिलंय असंही.

पहिल्या मजल्यावरच्या गुजराती बेन दुपारी एकट्याच रडत बसतात हे कळल्यावर काका सरळ त्यांच्या घरात. "बेन, जेवता कधी?" बेन म्हणाल्या, सगळ्यांचं आटोपून, तीन-साडेतीनला. "हां! म्हणून रडू येतं. बाराला जेवा." बेननी त्यांना दारातून हाकललं. मग चिडून, बघू तरी म्हणून, त्या बाराला जेवायला लागल्या आणि महिन्याभराने स्वतःच मला जिन्यात म्हणाल्या, "माणूस पागल छे, पण थोडा बरं वाटतं हां." झालं! त्यानंतर काकांना धरवेना. बेनचं उदाहरण त्यांनी अख्ख्या गल्लीला ऐकवलं.

दुसऱ्या मजल्यावरच्या साठे आजोबांचं मात्र कोणाला ऐकवलं नाही. आजोबांची बायको गेली होती, ते बोलेनासे झाले होते. काका गेले आणि म्हणाले, "सकाळी ताजं दही खावा. पोटाचा नि मनाचा धागा एकच असतो." आजोबा म्हणाले, "अहो, माझी बायको गेली आहे." काका म्हणाले, "ते ठीक आहे, पण दही खावा." मी तिथे शेजारी उभी होते हो! जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं मला. काकांना काहीच झालं नाही. घरी जाऊन विरजण आणलं आणि वाटीभर त्यांच्या दाराशी ठेवलं.

त्यांची स्वतःची बायको वर्षातले बरेच महिने देवगडला गावच्या घरी असायची. कलमांची राखण करायला, असं काका सांगायचे. मला वाटायचं, कलमांची कुठली राखण, बिचारी जीव वाचवून बसली असेल.

अशा माणसाच्या डोक्यावर आम्ही राहत होतो, आणि त्यातच सुहासला काहीतरी व्हायला लागलं.

काहीतरी म्हणते, कारण काय ते मला सांगता यायचं नाही. लोक विचारायचे, "पण झालं काय?" काहीच झालं नव्हतं. पवईला चांगल्या कंपनीत होता, उलट वरच्या जागेवर गेला होता. आमचं भांडण नव्हतं, कर्ज नव्हतं, आजार नव्हता. तो आधी सकाळी उशिरा उठायला लागला, मग आंघोळ राहायला लागली, मग ऑफिसला सुट्टी टाकली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला. रडला असता तरी मला कळलं असतं. तो रडायचाही नाही. जेव म्हटलं की जेवायचा. चल म्हटलं की चपला घालायचा. सगळ्याला एकच उत्तर, "बरं." मी चिडून, ओरडून, जवळ घेऊन, रुसून सगळं करून पाहिलं. "बरं." माझी सासू फोनवर म्हणायची, "शांत स्वभावाचा आहे गं तो." अहो, कसला शांत! चहात साखरेऐवजी मीठ पडलं तर आरडाओरडा करणारा माणूस हा. एकदा खरंच चुकून पडलं माझ्याकडून. तो मुकाट्याने पूर्ण कप प्यायला. मी किचनमध्ये जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. मला भीती वाटली.

काकांना हे कळायला वेळ लागला नाही. पडदा बंद दिसला ना!

रविवारी सकाळी बेल. टॉर्च, ओगराळं, सगळा सरंजाम. "बाजूला हो," म्हणून आत आले आणि घराची तपासणी सुरू. पलंगाखाली टॉर्च मारला. उशीजवळ मोबाईलचा चार्जर होता, तो उपटून माझ्या हातात दिला. फ्रीज उघडून, "हा भात कधीचा?" विचारलं. सुहासच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. "पांढरा फटक झालाय मेला. ऊन कधी बघितलंस रे झिला?" सुहास म्हणाला, "बघतो काका." मग काकांनी आणि त्यांनी जिन्यातून ओढून आणलेल्या वॉचमनने मिळून आमचा पलंग फिरवला, खिडकीकडे तोंड करून. मला विचारायची पद्धतच नाही. माझ्या कपाटाचं दार त्या पलंगामुळे अर्धंच उघडायला लागलं, आणि पुढे कित्येक दिवस मी साड्या कडेकडेने ओढून काढत होते.

दुसऱ्या दिवसापासून काकांचा कारखाना चालू. सकाळी सुहासला गच्चीवर न्यायचं, शर्ट काढायला लावायचा, तिळाचं तेल चोळायचं आणि टाकीला टेकवून उन्हात बसवायचं. समोरच्या बिल्डिंगमधल्या बायकांनी सेक्रेटरीकडे तक्रार केली. मग नॅशनल पार्कात चालायला. येताना बाजारातून बांगडे. "मनाला मासा लागतो, बाय. आमच्या गावात कोणी उदास बघितलंस?" मी म्हटलं, "तुमच्या गावात मी कोणालाच बघितलेलं नाही काका." झोपताना दुधात जायफळ उगाळून, ते पण स्वतः वर आणून देणार. बाजारात मिळणाऱ्या अश्वगंधेच्या बाटल्यांना मात्र सक्त मनाई. "बाटलीत गेलं ते निसर्गातलं राहिलं नाय." सुहासला सांगायचे, कुंडीत माती उकर, हात घाण झाले पाहिजेत. मग ती माती माझ्या लादीवर.

आणि सगळ्यात संताप आणणारी गोष्ट सांगू? थोडंसं बरोबर निघालं. रक्त तपासा, रक्त तपासा म्हणून त्यांनी माझं डोकं खाल्लं, मी तपासून घेतलं, तर डी जीवनसत्त्व तळाला गेलेलं. त्या दिवशी काका बिल्डिंगभर असे फिरले की मुलगा बोर्डात आलाय. "पाणी सापडलं!" जो भेटेल त्याला. मलाही क्षणभर वाटलं, देवा, एवढंच असू दे. एवढंच असेल तर मी या माणसाचे पाय धुवून पाणी पिईन.

एवढंच नव्हतं. अंगावर थोडा रंग आला, झोप लागायला लागली, पण माणूस परत आला नाही. म्हणून मी त्याला मनोविकाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर बाई शांत होत्या, खूप वेळ बोलल्या. कमी असलेलं भरून काढू म्हणाल्या, पण आजार आहे, त्याला औषध लागेल. गोळ्या लिहून दिल्या.

काकांना कळलं आणि जिन्यातच अडवलं मला. "धूर!" त्यांचा आवाज फाटला. "पोराच्या डोक्यात धूर मारताय तुम्ही! अजून पाणी शोधायचं राहिलंय. दोन-चार जागा आहेत, मी बघतंय. घाई कसली तुला?"

मी म्हटलं, "काका, तुम्ही डॉक्टर आहात का?"

"त्यांना धूर विकायचा असतो गो."

मी वर निघून गेले. वाटलं, ओरडू दे, आपण आपलं करायचं. मी सकाळी गोळी ठेवायची, पाण्याचा ग्लास ठेवायची आणि बँकेत पळायची. सुहास म्हणायचा, "बरं." आणि मी गेल्यावर काका यायचे, गोळी घेऊ नको म्हणायचे. त्यांनाही तो म्हणायचा, "बरं." कोणाला नाही म्हणायची ताकदच उरली नव्हती त्याच्यात. गोळ्या पिठाच्या डब्यामागे जायच्या.

हे मला कळलं ते एका शनिवारी दुपारी. मी त्याच्या केसांना तेल लावत होते. तो भिंतीकडे बघत अगदी साध्या आवाजात, भाजी संपली असं सांगावं तसा म्हणाला, "माझ्याशिवाय तुझं सोपं झालं असतं गं."

माझे हात थांबले. मी विचारलं, "गोळ्या घेतोस ना?" त्याने मान हलवली, नाही. कुठे आहेत ते सांगितलं. काकांनी सांगितलं तेही सांगितलं, तक्रारीचा सूर नाही, काही नाही.

मी बेनना वर त्याच्याजवळ बसवलं, डॉक्टरांना फोन लावला. लगेच घेऊन या, तोवर एकटं सोडू नका, त्या म्हणाल्या. आणि मी खाली गेले. तळमजल्यावर काका दारात स्टुलावर बसून टॉर्चचे सेल बदलत होते. मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आजूबाजूची दारं उघडली एवढं सांगते. ते ऐकत होते, तोंड उघडं. सुहास काय म्हणाला ते मी सांगितलं तेव्हा सेल त्यांच्या हातातून पडला आणि घरंगळत जिन्याखाली गेला. त्यांनी उचलला नाही.

मग मी विचारलं, "काका, मला एकच सांगा. साथ यायची तेव्हा काय करायचात तुम्ही? घरटी ताप, माणसं दवाखान्यात. तेव्हा पण नुसतं ओगराळं घेऊन फिरायचात?"

त्यांनी टॉर्चचं झाकण उगाच फिरवलं.

"बोला ना! धूर मारायचात की नाही?"

"मारायचो," काका म्हणाले. मग हळूच म्हणाले, "आधी धूरच मारायचो. अळी शोधेपर्यंत माणूस जगायला पायजे ना गो."

"मग?"

ते स्टुलावरून उठले. आत गेले. मला वाटलं दार लावून घेणार. तर शर्ट चढवून बाहेर आले, रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबवली आणि वर येऊन सुहासला स्वतः चपला घातल्या. "चल झिला. माझी चूक झाली. मी अळ्या बघीत बसलंय." त्यांचे डोळे भरले होते. मला त्यांची दया यायला हवी होती, पण तेव्हा माझ्यात जागाच नव्हती कशाला.

आणि तरी हा माणूस सुधारला का? छे! दवाखान्यात आम्ही आत जायची वाट बघत बसलोय, माझा जीव थाऱ्यावर नाही, आणि काका उठून कोपऱ्यातल्या मनी प्लँटच्या बाटलीत टॉर्च मारतायत! "हाय! बघ, हाय!" म्हणून त्यांनी ती बाटली रिसेप्शनवरच्या मुलीच्या नाकासमोर धरली. अळ्या होत्या. डॉक्टरांच्या दवाखान्यातच होत्या. त्या मुलीने किंचाळून रजिस्टर खाली पाडलं. मी डोळे मिटून घेतले. सुहासने त्या बाटलीकडे एकदा पाहिलं आणि परत जमिनीकडे बघायला लागला.

आत डॉक्टरांनी सुहासशी एकट्याशी बोलून घेतलं, मग माझ्याशी. शेवटी काकांना बोलावलं. काका शाळेतल्या पोरासारखे उभे. डॉक्टर म्हणाल्या, "काका, ऊन चालू ठेवा. चालणं, मासे, वेळेवर जेवण, सगळं चालू ठेवा, फायद्याचंच आहे. पण गोळीच्या जागी नाही. गोळीच्या बरोबरीने."

"किती दिवसांत काम करते?"

"काही आठवडे लागतील. मध्ये बंद करायची नाही. आणि सध्या यांच्याजवळ सतत कोणीतरी हवं."

"मी हाय ना," काका म्हणाले.

म्हणजे आता बघा माझी दशा. मला रजा किती मिळणार? सासू गुडघ्यांनी बेजार, जिना चढणार नाही. ज्या माणसाचं तोंड बघायची इच्छा नाही, त्याच्याच ताब्यात नवरा देऊन मला बँकेत जायचं होतं. आणि काका दिवसभर आमच्या हॉलमध्ये. खरंच दिवसभर हां. स्वतःचा डबा घेऊन यायचे. सुहास बाथरूममध्ये गेला तरी दाराबाहेर उभं राहून गावच्या गोष्टी सांगायचे, आतून "हं" आलं पाहिजे. पूर्वी गोळी घेऊ देत नव्हते, आता गोळीचे असे भक्त झाले की विचारू नका. सकाळी गोळी त्याच्या जिभेवर ठेवायचे आणि मग, "आ कर. जीभ वर. आता डावीकडे." टॉर्च तोंडात! मी एकदा म्हटलं, "काका, लहान मूल नाहीये तो, तो घेतोय गोळी." तर म्हणे, "बघितल्याशिवाय मी सही करीत नसे." कसली सही आणि कसलं काय!

बँकेत दर तासाला मला त्यांचा फोन. "जेवला." "झोपला." "चालून आलो." काउंटरवर माणसं खोळंबलेली आणि मी मान वाकडी करून, "बरं काका, ठेवू?" मॅनेजर बघायचे. पण फोनला थोडा जरी उशीर झाला तर आकडे माझ्या डोळ्यांसमोर नाचायला लागायचे, हेही खरं.

आठवडे गेले. कधी वाटायचं, जरासा फरक आहे. त्याने स्वतःहून दाढी केली एकदा. पुढचे दोन दिवस पुन्हा भिंत. काका मला जिन्यात विचारायचे, "काय बाय, हललं का काय?" मी म्हणायचे, "तुम्हाला काय दिसतं?" ते म्हणायचे, "माका तर काय कळत नाय." त्यांच्या तोंडून हे वाक्य मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

मग एक सकाळ. मी पोळ्या लाटत होते, बँकेला उशीर झाला होता. गोळी, टॉर्च, जीभ वर, सगळे सोपस्कार झाले होते. सुहास टेबलाशी बसला होता आणि त्याच्यासमोर वर्तमानपत्र होतं. मी आधी नीट पाहिलंच नाही. तो खेळाचं पान वाचत होता. काका समोरून आले, पेपर त्याच्या हातातून काढून घेतला, घडी घातली आणि म्हणाले, "बातम्या नको वाचू. मनाला लागतं."

"अहो, स्कोअर वाचतोय मी."

"स्कोअर पण लागतो. हरलेत."

आणि सुहास उठला. खुर्ची मागे पडली.

"काका, बास! बास म्हणजे बास! माझ्या घरात, माझ्या टेबलावर, माझा पेपर! किती त्रास द्याल माणसाला? शर्ट काढ, मासे खा, आ कर, जीभ वर कर... वेड लागायची पाळी आणलीत तुम्ही! द्या तो पेपर इकडे! आणि निघा! जा खाली!"

माझ्या हातात लाटणं तसंच. तव्यावरची पोळी जळायला लागली, तो वास येत होता, पण मी हलले नाही. सुहासचा चेहरा लाल झाला होता, मानेची शीर उडत होती. काकांनी पेपर टेबलावर ठेवला. त्यांनी सुहासकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"चिडला," ते म्हणाले. अगदी हळू. "चिडला गो तो."

आणि गेले. चपलाही घातल्या नाहीत. खाली एकेक बेल वाजल्याचा आवाज आला, आणि त्यांचा आवाज, बेनना, साठे आजोबांना, वॉचमनला, "वरचा चिडला! माका हाकलून दिला!"

सुहास धापा टाकत उभा होता. मग माझ्याकडे वळला. "तू रडतेस कशाला? मी काय चुकीचं बोललो का? तूच सांग, काय माणूस आहे हा! तुला नाही का गं होत त्रास?"

"होतो ना," मी म्हटलं. "खूप होतो."

"मग बोलायचं नाही का काही?" असं म्हणून तो जो सुरू झाला! ते तिळाचं तेल, ते बायकांनी बघणं, तो जायफळाचा वास, बाथरूमबाहेरच्या गोष्टी, एकेक आठवून आठवून बोलत होता. त्याच्या सगळं लक्षात होतं. मी बँकेत फोन करून येत नाही म्हणून सांगितलं, गॅस बंद केला आणि त्याच्यासमोर बसले. बोलता बोलता त्याचा चहा गार झाला. तो थांबू नये म्हणून मी आवाज न करता उठले आणि दुसरा टाकला.